नकाशा जमला, वेळापत्रक हुकलं: नेदरलँड्सच्या उत्तर समुद्राचं प्रकरण

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नेदरलँड्समध्ये एका निविदेची मुदत संपली. उत्तर समुद्रातल्या 'नेडरविक १-ए' या पट्ट्यात सुमारे १ गिगावॅट क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. जागेचा अभ्यास सरकारने स्वतःच्या खर्चाने करून ठेवला होता. तळाची माती, वाऱ्याचा वेग, लाटा, महायुद्धातले न फुटलेले बाँब कुठे असू शकतात, सगळं तयार. समुद्रातून किनाऱ्यापर्यंत वीज आणायची केबल टेनेट ही सरकारी मालकीची कंपनी टाकणार होती. बोली लावणाऱ्याने यायचं, चक्क्या उभ्या करायच्या आणि तयार जोडणीला लावायच्या. एकही बोली आली नाही.

याच समुद्रात, याच पद्धतीने, २०१८ साली 'हॉलंड्स कुस्ट झाउड' या क्षेत्राचा पहिला हिस्सा वॅटनफॉल कंपनीने अनुदानाचा एक युरोही न मागता घेतला होता. तिथे आज १३९ चक्क्या फिरतात, क्षमता सुमारे १.५ गिगावॅट. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, बोर्सेले क्षेत्राच्या पहिल्या लिलावात मेगावॅट-तासाला ७२.७० युरो अशी बोली आली होती आणि तेव्हा ती विक्रमी स्वस्त मानली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुढच्या टप्प्याची बोली ५४.५० वर आली. म्हणजे ७२ वरून ५४, ५४ वरून शून्य अनुदान, आणि मग शून्य बोली. वारा तर तेवढाच वाहतो आहे.

हे एका फसलेल्या निविदेपुरतं असतं तर इतकं लिहायचं कारण नव्हतं. जगात समुद्रातल्या ऊर्जेचं 'एकत्रित नियोजन' सर्वांत मन लावून ज्यांनी केलं, त्यात हा देश अगदी वरचा आहे. तेल-वायूचे जुने प्लॅटफॉर्म, रिकामी होत चाललेली वायूक्षेत्रं, पाइपलाइन, पवनचक्क्या, हायड्रोजन, मासेमारी, पक्षी यांचा एकत्र विचार इथे झाला. तरीही गाडी अडली. कुठे अडली आणि कुठे पुढे गेली हे नीट पाहायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: जागा वाटून घेण्याचं काम त्यांनी उत्तम केलं, पण वेळ वाटून घेण्याचं काम अर्धवट राहिलं. समुद्रात एकमेकांवर अवलंबून असलेल्या गोष्टींचं घड्याळ वेगवेगळं चालतं. एकासाठी दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबण्याचे पैसे कोण देणार हे ज्या ज्या ठिकाणी आधी ठरलं, तिथे तिथे काम झालं.

गर्दीचा समुद्र

नेदरलँड्सच्या वाट्याचा उत्तर समुद्र सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहून थोडा कमी, आणि खुद्द नेदरलँड्सच्या जमिनीपेक्षा मोठा. बराचसा भाग उथळ आहे, त्यामुळे तळात खांब ठोकून चक्क्या उभ्या करणं सोपं जातं. पण त्याच उथळ पाण्यात जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी काही आहेत, मासेमारी आहे, बांधकाम आणि किनाऱ्याच्या डागडुजीसाठी वाळूउपसा आहे, लष्कराच्या सरावाच्या जागा आहेत, संरक्षित अधिवास आहेत. आणि दीडशेच्या आसपास तेल-वायूचे प्लॅटफॉर्म, त्यांना जोडणाऱ्या हजारो किलोमीटर पाइपलाइन.

हे प्लॅटफॉर्म इतके का, याचं मूळ जमिनीवर आहे. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्टरेनजवळ वायूचा प्रचंड साठा सापडला. जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. १९७० च्या दशकात सरकारने धोरण आखलं: हा मोठा साठा राखून ठेवायचा आणि आधी लहान क्षेत्रं रिकामी करायची. त्या 'लहान क्षेत्रां'च्या धोरणामुळे समुद्रात एकापाठोपाठ एक प्लॅटफॉर्म उभे राहिले. पुढे ग्रोनिंगेनची जमीन हलू लागली. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ रिश्टरचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण विटांच्या जुन्या घरांना तडे गेले, हजारो कुटुंबांचं आयुष्य दुरुस्ती आणि भरपाईच्या फायलींत अडकलं. मार्च २०१८ मध्ये सरकारने उपसा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, १ ऑक्टोबर २०२३ ला तो थांबला आणि एप्रिल २०२४ मध्ये कायद्यानेच कायमचा बंद झाला. घरचा वायू म्हणून उरला तो मुख्यतः समुद्रातला. तोही उतरणीला लागलेला.

म्हणून या समुद्रात एकाच वेळी दोन गोष्टी चालू आहेत. जुना उद्योग आवरतं घेतो आहे आणि नवा उद्योग त्याच पाण्यात जागा मागतो आहे. टीएनओ या डच संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ पासून चालणाऱ्या 'नॉर्थ सी एनर्जी' या कार्यक्रमाने साधा पण मोठा प्रश्न विचारला: या दोघांना एकमेकांचा उपयोग करून देता येईल का? चक्कीची वीज प्लॅटफॉर्मला, रिकामं वायूक्षेत्र कार्बन डायऑक्साइडला, जुनी पाइपलाइन हायड्रोजनला. समुद्राचे काही विभाग पाडून प्रत्येक विभागात काय कशाशी जोडता येईल, याचे आराखडे त्यांनी केले. नकाशा म्हणून ते काम वाखाणण्यासारखं आहे.

पोर्थोस: जे झालं

पोर्थोस म्हणजे रॉटरडॅमच्या कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या रिकाम्या वायूक्षेत्रात पुरायचा प्रकल्प. त्याआधीच्या प्रयत्नांची सुरुवात अपयशाने झाली. रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्ट गावाखाली एक रिकामं वायूक्षेत्र आहे. पेर्निस इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड तिथे पुरायचा, अशी शेलची योजना होती. वर माणसं राहत होती. त्यांना कुणी आधी विचारलं नाही, आणि नंतर विचारलं तेव्हा उशीर झाला होता. गावाने कडाडून विरोध केला. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने योजना गुंडाळली. त्यानंतर जमिनीखाली कार्बन साठवायचा विषय नेदरलँड्समध्ये संपला, आणि सगळ्यांची नजर समुद्राकडे वळली.

दुसरा प्रयत्न 'रोड' नावाचा. रॉटरडॅम बंदरातल्या मासव्लाक्टे इथल्या नव्या कोळसा वीजकेंद्राचा धूर पकडायचा आणि किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या पी-१८ या वायूक्षेत्रात सोडायचा. युरोपीय संघाचा आणि डच सरकारचा पैसा मंजूर होता. पण कार्बन सोडण्याच्या परवान्यांचा युरोपीय बाजारातला भाव कोसळला, कोळशाच्या केंद्रांचं भवितव्यच डळमळलं आणि २०१७ मध्ये कंपन्यांनी माघार घेतली. एका कारखान्यासाठी एक नळी आणि एक विहीर, असं गणित होतं. कारखाना डगमगला की सगळं कोसळणार.

पोर्थोसने तेच पी-१८ क्षेत्र घेतलं, पण गणित बदललं. रॉटरडॅम बंदर प्राधिकरण, वायूवाहिन्या चालवणारी गॅस्युनी आणि सरकारची वायूक्षेत्रांत भागीदारी सांभाळणारी ईबीएन, अशा तीन सार्वजनिक मालकीच्या संस्था एकत्र आल्या. त्यांनी ठरवलं की आम्ही रस्ता बांधतो. बंदरातून सुमारे ३० किलोमीटर लांब जमिनीखालची मोठी नळी, मासव्लाक्टेवर कॉम्प्रेसर केंद्र, तिथून समुद्राखालची नळी आणि पी-१८ चा जुना प्लॅटफॉर्म. या रस्त्यावर गाड्या कुणाच्या? शेल, एक्सॉनमोबिल, एअर लिक्विड आणि एअर प्रॉडक्ट्स या चार कंपन्यांच्या. दरवर्षी २५ लाख टन, सुमारे १५ वर्षं, एकूण ३.७ कोटी टन.

पैशांची रचना लक्ष देऊन बघण्यासारखी आहे. कारखान्यांना कार्बन पकडून पाठवायला येणारा खर्च आणि युरोपीय बाजारात कार्बनच्या परवान्याला मोजावी लागणारी किंमत, यातला फरक भरून काढायला सरकारने जास्तीत जास्त २१० कोटी युरो राखून ठेवले. बाजारभाव वर गेला की सरकारचा वाटा आपोआप कमी होतो. 'रोड'ला जे मारक ठरलं, ते बाजारभावाचं कोसळणं, त्याची जोखीम सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतली. आणि जमिनीवरची नळी आजच्या गरजेपेक्षा मोठ्या आकाराची टाकली, कारण पुढे समुद्रात आणखी दूरवरच्या क्षेत्रांत कार्बन नेणाऱ्या 'अरामिस' प्रकल्पालाही तीच लागणार. आज कुणी पूर्ण भाडं देणार नाही अशी जागा राखायची, हे खाजगी कंपनीच्या हिशेबात बसत नाही. सार्वजनिक संस्थेच्या हिशेबात बसू शकतं, आणि इथे बसलं.

तंत्रज्ञानाचा एक अडसर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण जुनी क्षेत्रं नव्या कामाला लावणं म्हणजे काय ते त्यातून कळतं. पी-१८ तीन किलोमीटरहून खोल आहे. वायू काढून घेतल्यावर आतला दाब मूळच्या शेकडो बारवरून (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) फार खाली गेला आहे. अशा पोकळ जागेत दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड एकदम सोडला तर तो झपाट्याने फुगतो आणि फुगताना गार होतो, इतका की विहिरीत बर्फासारखे खडे धरू शकतात. त्यामुळे कॉम्प्रेसरमधून गरम निघालेला वायू तसाच उबदार पोचावा म्हणून समुद्राखालच्या नळीला उष्णतारोधक आवरण दिलं आहे. आत दाब जसा वाढत जाईल, तशी चालवण्याची पद्धत बदलावी लागणार. रिकामं क्षेत्र म्हणजे रिकामं पिंप नव्हे.

मग कोर्ट आलं. नेदरलँड्समध्ये शेतीतून आणि बांधकामातून हवेत जाणाऱ्या नायट्रोजनचा प्रश्न गंभीर आहे, कारण तो संरक्षित अधिवासांवर बसतो. बांधकामाच्या काळातल्या नायट्रोजनला सरकारने सरसकट सूट दिली होती. एका पर्यावरण संघटनेने पोर्थोसच्या निमित्ताने त्या सुटीलाच आव्हान दिलं. २ नोव्हेंबर २०२२ ला कौन्सिल ऑफ स्टेट या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सूट रद्द केली. देशभरातली बांधकामं हादरली. पोर्थोसला स्वतःचा परिणाम वेगळा मोजून दाखवावा लागला. १६ ऑगस्ट २०२३ ला त्याच न्यायालयाने मान्य केलं की तो परिणाम लहान आणि तात्पुरता आहे, आणि १८ ऑक्टोबर २०२३ ला गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाला. खर्च सुमारे १३० कोटी युरो.

हवामान वाचवणाऱ्या प्रकल्पाला पर्यावरणवाद्यांनी अडवलं, असं या घटनेचं सोपं कथन मी अनेकदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. सूट बेकायदा होती, ती उघडी पडली. प्रकल्प आपल्या पायावर तपासला गेला आणि टिकला. पण त्या वर्षभरात चार कारखाने, तीन संस्था आणि कंत्राटदार थांबून राहिले तरी कुणी सोडून गेलं नाही, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. थांबण्याचा भार सहन करणारं कुणीतरी त्या मांडणीत आधीपासून होतं.

प्लॅटफॉर्मला चक्कीची वीज: सोपं वाटतं, सोपं नाही

वायूचं क्षेत्र म्हातारं झालं की आतला दाब कमी होतो आणि वायू किनाऱ्यापर्यंत ढकलायला कॉम्प्रेसर लागतात. ते कॉम्प्रेसर प्लॅटफॉर्मवरचाच वायू जाळून चालतात. म्हणजे उत्पादन घटत जातं तसं एकेका घनमीटरमागचं प्रदूषण वाढत जातं. उपाय उघड आहे: केबल टाका, वीज द्या.

क्यू-१३-ए हा प्लॅटफॉर्म शेव्हनिंगेनच्या किनाऱ्यापासून १३ किलोमीटरवर आहे. तो किनाऱ्यावरून केबलने येणाऱ्या विजेवर पूर्णपणे चालतो. दुसरं उदाहरण एन-०५-ए. हे जर्मन सीमेलगतचं नवं वायूक्षेत्र. त्याचा प्लॅटफॉर्म शेजारच्या जर्मन पवनक्षेत्राच्या, रिफगाटच्या विजेवर चालवायचा, अशी आखणी. नकाशावर हे जोडकाम देखणं दिसतं. प्रत्यक्षात ते दोन देशांच्या न्यायालयांत अडकलं. जवळच्या बोर्कुम या जर्मन बेटावरच्या लोकांचा, दोन्हीकडच्या पर्यावरण संघटनांचा वायूउपशालाच विरोध होता, आणि केबलचा मार्ग समुद्रतळावरच्या खडकाळ अधिवासातून जात होता. मार्च २०२५ मध्ये वायू सुरू झाला.

या दोन्ही प्लॅटफॉर्ममध्ये एक साम्य आहे. दोघांनाही विजेचा विचार जन्मापासून मिळाला. क्यू-१३-ए वरून उत्पादन २०१४ मध्ये सुरू झालं, तेव्हाच केबल होती. आधीच उभ्या असलेल्या, आठ-दहा वर्षं आयुष्य उरलेल्या प्लॅटफॉर्मवर केबलचा खर्च भरून निघत नाही. डेकवर नव्या ट्रान्सफॉर्मरला जागा नसते, वजन पेलत नाही, बदलाच्या काळात उत्पादन बंद ठेवावं लागतं. जवळ पवनक्षेत्र येणार असेल, तर ते येईपर्यंत प्लॅटफॉर्म बंद व्हायची वेळ झालेली असते. दोन्ही गोष्टी नकाशावर शेजारी असतात, कॅलेंडरवर नसतात.

म्हणून सरसकट 'प्लॅटफॉर्मचं विद्युतीकरण' हे उद्दिष्ट मला चुकीचं वाटतं. कोणते चार-पाच मध्यवर्ती प्लॅटफॉर्म २०४० पर्यंत लागणार आहेत ते आधी ठरवावं आणि केबल फक्त तिथे न्यावी. बाकीचे लवकर आणि नीट बंद करावेत.

एक बंद पडला की बाकीच्यांचं भाडं वाढतं

या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत कमी चर्चिला जातो, आणि माझ्या मते तोच गाभा आहे.

समुद्रातला वायू काही मोठ्या वाहिन्यांनी किनाऱ्यावर येतो. नोगाट ही त्यातली एक, डेन हेल्डरला येणारी. एनजीटी दुसरी, उत्तरेला आउटहाउझेनला येणारी. या वाहिन्यांचा देखभालीचा खर्च त्यातून वायू पाठवणारी क्षेत्रं वाटून उचलतात. एक क्षेत्र संपलं की तेवढाच खर्च उरलेल्यांवर पडतो. मग त्यातलं सर्वांत कमजोर क्षेत्र तोट्यात जातं आणि वेळेआधी बंद होतं. पुन्हा उरलेल्यांचं भाडं वाढतं. पत्त्यांच्या घरासारखं. मधला एखादा प्लॅटफॉर्म काढला तर त्याच्यामार्गे वायू पाठवणारे आजूबाजूचे छोटेही एका फटक्यात निरुपयोगी होतात.

कायद्याने वापर संपलेला प्लॅटफॉर्म काढावाच लागतो. १९९५ मध्ये शेलने 'ब्रेंट स्पार' ही तेल साठवण्याची जुनी तरंगती टाकी समुद्रात बुडवायचं ठरवल्यावर युरोपभर संताप उसळला, आणि १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी ओस्पार करारानुसार प्लॅटफॉर्म समुद्रात टाकून द्यायला बंदी केली. ती बंदी योग्यच आहे. पण त्यामुळे कंपनीपुढे दोनच रस्ते उरतात: आता काढा, किंवा पुढच्या वापराचं ठोस कारण दाखवून मुदत मागा. २०१७ मध्ये ईबीएन आणि उद्योगाने मिळून स्थापन केलेली 'नेक्स्टेप' ही संस्था याच कामासाठी आहे, काढायचं काय आणि पुन्हा वापरायचं काय ते ठरवायला.

आता हायड्रोजनवाल्यांचा विचार करा. समुद्रातच चक्कीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन करायचा आणि जुन्या वाहिनीने आणायचा. नोगाट आणि एनजीटी हायड्रोजन नेऊ शकतील का, याचे अभ्यास झाले आणि चित्र आशादायक आहे. पण शेवटचं वायूक्षेत्र चालू आहे तोवर ती वाहिनी शुद्ध हायड्रोजनला मोकळी होत नाही. आणि ते क्षेत्र बंद झाल्यावर हायड्रोजन यायला पाच-सात वर्षं लागणार असतील, तर त्या काळात रिकाम्या वाहिनीची राखण कोण करणार? आतून गंज, बाहेरून वाळू सरकून उघडी पडणारी नळी, दरवर्षीची तपासणी. महसूल शून्य.

दरम्यान क्यू-१३-ए वरच एक लहानसा प्रयोग आखला गेला, 'पॉसहायडन'. १ मेगावॅटच्या आसपासचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, प्लॅटफॉर्मवर बसवायचा, समुद्राचं पाणी गोड करून वापरायचं, हायड्रोजन चालू वायूप्रवाहात मिसळून किनाऱ्यावर पाठवायचा. वाऱ्याच्या चढउताराप्रमाणे यंत्र कमीजास्त चालवून पाहायचं. २०१९ मध्ये घोषणा झाली, २०२१ मध्ये अनुदान मिळालं, २०२४ मध्ये अल्कमार इथे जमिनीवर चाचण्या चालू होत्या. १ मेगावॅटला एवढी वर्षं का, असं वाटेल. खारट हवा, हलता डेक, हायड्रोजनसाठीची सुरक्षितता, वजनाची मर्यादा, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी पहिल्यांदा सोडवत होतं. ही वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण सरकारने २०२३ मध्ये वाडन बेटांच्या उत्तरेला ५०० मेगावॅटच्या समुद्री हायड्रोजनसाठी जागा ठरवली, साल २०३१ च्या आसपासचं धरून. १ आणि ५०० यांच्यामधली पायरी कोणती, याचं उत्तर आराखड्यात पुसट आहे.

मग बोली का आली नाही

२०१८ मध्ये अनुदानाशिवाय बोली आली, कारण व्याजदर तळाला होते, पोलाद आणि चक्क्या स्वस्त होत होत्या आणि पुढे विजेची मागणी वाढणार हे सगळे धरून चालले होते. २०२२ नंतर यातलं पहिलं आणि दुसरं उलटलं. तिसरं अजून आलेलंच नाही. समुद्रातल्या सगळ्या चक्क्या एकाच वाऱ्यावर चालतात. वारा जोरात असतो तेव्हा सगळ्यांची वीज एकदम बाजारात येते आणि भाव शून्याजवळ किंवा शून्याखाली जातो. ती वीज तेव्हा विकत घेऊन वापरणारा कुणी हवा: विजेवर चालणाऱ्या भट्ट्या, इलेक्ट्रोलायझर. कारखाने म्हणतात, आधी स्वस्त विजेची खात्री आणि ग्रिडची जोडणी द्या. ग्रिडवर जमिनीवरच इतकी गर्दी आहे की हजारो ग्राहक जोडणीच्या रांगेत आहेत. चक्कीवाले म्हणतात, आधी ग्राहकाची खात्री द्या.

सरकारने हे ओळखलं नव्हतं असं नाही. निविदांमध्ये 'प्रणाली एकात्मता' असा निकष घातला: वीज वापरणार कशी, तेही सांगा, त्याला गुण. २०२२ मध्ये हॉलंड्स कुस्ट वेस्ट या पवनक्षेत्राचा एक हिस्सा आरडब्ल्यूई या जर्मन वीजकंपनीला याच निकषावर मिळाला. २०२४ मध्ये एमाउडन फेर बीटा हे क्षेत्र जिंकणाऱ्या झेफॉन्क या वॅटनफॉल आणि सीआयपी या डॅनिश गुंतवणूक कंपनीच्या भागीदारीने १ गिगावॅटच्या इलेक्ट्रोलायझरचं आश्वासन दिलं. पण तो हायड्रोजन रॉटरडॅमहून आतल्या औद्योगिक भागाकडे आणि जर्मनीकडे नेणारी वाहिनी कित्येक वर्षं मागे पडली. म्हणजे निविदेने वचन कंपनीकडून घेतलं, पण ज्यावर ते वचन टेकलं होतं ती नळी कंपनीच्या हातात नव्हती. पोर्थोसमध्ये सरकारने रस्ता बांधला आणि भावाची जोखीम घेतली. इथे केबल बांधली, भावाची जोखीम आणि ग्राहक शोधायचं ओझं मात्र पूर्ण बोलीदारावर टाकलं.

उद्दिष्टंही सरकली. सुमारे २०३० पर्यंत २१ गिगावॅट असं ठरलं होतं, एप्रिल २०२४ मध्ये ते २०३२ पर्यंत पुढे गेलं. २०२५ मध्ये २०४० चं ५० गिगावॅटचं ध्येय ३० ते ४० वर आणलं गेलं. तेव्हाच्या ऊर्जामंत्री सोफी हर्मन्स यांनी पुढच्या निविदेसाठी १०० कोटी युरोच्या अनुदानाची तयारी दाखवली. डेन्मार्क आणि जर्मनीतही शून्य बोलीचे अनुभव आले, त्यामुळे हा दोष एका देशाचा नाही. तरीही मी म्हणेन की अनुदान परत आणणं हे पुरेसं उत्तर नाही. वीज घेणाऱ्या कारखान्याशी आणि वीज देणाऱ्या चक्कीशी एकाच वेळी, एकाच मध्यस्थाने, दोन्हीकडून ठराविक भावाचे करार करावेत आणि मधल्या वर्षांचा फरक सरकारने धरावा. पोर्थोसच्या मांडणीचाच हा विस्तार आहे.

मच्छीमार

२०२० च्या जूनमध्ये 'उत्तर समुद्र करार' झाला. ऊर्जा कंपन्या, बंदरं, पर्यावरण संघटना आणि सरकार यांनी समुद्र वाटून घ्यायचे नियम मान्य केले, २० कोटी युरोचा संक्रमण निधी ठेवला. बहुतांश मच्छीमार संघटनांनी सही केली नाही. तळ खरवडून मासे पकडणाऱ्या बोटींना पवनक्षेत्रात जाता येत नाही, ब्रेक्झिटने इंग्लंडकडचं पाणी आकसलं, आणि कमी डिझेल लागणारी विजेच्या स्पंदांची मासेमारी युरोपीय संघाने २०२१ पासून बंद केली. चारही बाजूंनी एकदम पाणी कमी झालं. निधीतून बोटी भंगारात काढायला पैसे मिळतात, पण उर्क या मच्छीमारांच्या गावातल्या तरुणाला पुढे काय करायचं याचं उत्तर त्यात नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ज्याचं नुकसान सर्वांत आधी होणार तोच सही न करता उठला असेल, तर तो करार मला अपुरा वाटतो.

उरणच्या किनाऱ्यावर उभं राहून हे वाचणाऱ्याला यात ओळखीचं काही दिसेल. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने शोधलेलं मुंबई हाय आता पन्नाशी ओलांडून गेलं आहे. तिथेही जुने प्लॅटफॉर्म आहेत, उरणकडे येणाऱ्या वाहिन्या आहेत, आणि त्याच पाण्यात जाळी टाकणारे कोळी बांधव आहेत. भारताच्या समुद्री पवनऊर्जेच्या पहिल्या योजना गुजरात आणि तमिळनाडूसाठी आखल्या गेल्या, जून २०२४ मध्ये केंद्राने १ गिगावॅटसाठी ७,४५३ कोटींचा आधार मंजूर केला. मुंबई हायवरचा कोणता प्लॅटफॉर्म कधी बंद होणार आणि त्याची वाहिनी नंतर कशासाठी ठेवायची, हा प्रश्न शेवटचं क्षेत्र आटायच्या पंधरा वर्षं आधी विचारायचा असतो. डच लोकांनी तो नोगाटच्या बाबतीत विचारला, पण राखणीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरवेपर्यंत आजूबाजूचे काही प्लॅटफॉर्म कापून किनाऱ्यावर आणले गेले होते.